वाट्याचं ऑइल

भुजंगच्या वर्कशॉपमधल्या व्हाइसचा दांडा एकदा पूर्ण फिरवला की जबडा पाच मिलिमीटर पुढे सरकतो. हे मला नेमकं ठाऊक आहे, कारण स्क्रूचा धडा आला की दर वर्षी मी कॉलेजातल्या मुलांना तो व्हाइस दाखवायला नेते. त्या सोमवारी सकाळी नऊ वाजता त्या जबड्यात माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात होता, आणि दांडा रुद्रेगौडाच्या मुठीत होता.

मी पोचले तोवर मारून झालं होतं. भुजंगचे गुडघे टेकले होते, पण व्हाइस कमरेच्या उंचीवर असल्यामुळे त्याला नीट खाली बसताही येत नव्हतं. अंगाचा सगळा भार अडकलेल्या मनगटावर लोंबत होता. खालचा ओठ हनुवटीपर्यंत फाटला होता. पुढचे दोन दात टेबलावर वायसरांच्या डबीत पडले होते. एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्यानं त्यानं मला पाहिलं आणि मान हलवली. ये म्हणून नाही, जा म्हणून.

भोवती अकरा ड्रायव्हर होते. त्यातले चार माझे जुने विद्यार्थी.

"टीचर, तुम्ही इथं थांबू नका," सुंदर पूजारी म्हणाला. टायर काढायची पहार त्याच्या हातात होती आणि तिच्या टोकाला माझ्या भावाचे केस चिकटले होते.

"सोड त्याला, सुंदर."

"मी कुठं धरलाय? व्हाइसनं धरलाय." दोघं-तिघं हसले. "आणि मिस्त्रीला व्हाइस आवडतोच की, राव. दिवसभर त्यालाच मिठी मारून असतो."

रुद्रेगौडा हसला नाही. तो आमच्या स्टँडवरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. स्टँडचा अध्यक्षही तोच. गुरुवारी त्याचा चोवीस वर्षांचा मुलगा चेतन मंजुगुड्डेच्या घाटात नवव्या वळणावरून जीपसकट दरीत गेला होता. कॉफीच्या मळ्यातली एक मजूर बाईही त्याच्याबरोबर गेली. दुसरीनं सातव्या वळणाच्या पुढे उडी मारली, म्हणून ती जगली. तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिनं सांगितलं होतं ते सगळ्या गावाला पाठ झालं होतं: "पेडल दाबलं की पायाखाली नुसतंच जायचं, सामोरं काही यायचंच नाही. पोरानं चार वेळा दाबलं. मग आईला हाक मारली."

त्याच्या आधीच्याच शनिवारी भुजंगनं त्या जीपचे लायनर बदलले होते आणि ब्रेकचं जुनं ऑइल काढून चारही चाकांत नवं भरलं होतं. पाच दिवसांत ब्रेक गेले. मग आणखी कुणाला विचारायचं?

मोडकी जीप त्यांनी मळ्याच्या ट्रॅक्टरनं ओढत आणून वर्कशॉपच्या दारातच टाकली होती. डावी बाजू चपटी झाली होती. काचेच्या चौकटीला अजून काहीतरी वाळलेलं चिकटलेलं होतं. मी तिकडे पाहणं टाळलं.

"ब्रेकच्या नळीत एअर राहू दिलीस," रुद्रेगौडा भुजंगला म्हणाला. आवाज इतका हळू होता की बाकीचे गप्प झाले. "घरी जायची घाई होती का? सांग. कुठल्या चाकात राहू दिलीस?"



रुद्रेगौडानं दांडा पाव फेरा फिरवला. सव्वा मिलिमीटर. भुजंगच्या घशातून जो आवाज आला तो मी लहानपणापासून ऐकलेल्या त्याच्या कुठल्याच आवाजासारखा नव्हता.

"गौड्रे, मी पोलिसांना फोन केलाय," मी म्हणाले.

"बेस केलंत. घाट चढून यायला त्यांना दीड तास लागतो. मला तेवढा नको." त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी त्याला जिवे मारणार नाही, टीचर. पण हात शाबूत राहिला तर हा उद्या आणखी कुणाच्या पोराची जीप खोलणार. म्हणून हात नको."

तळहाताची जाडी साधारण सत्तावीस मिलिमीटर असते. जबड्यांमधलं अंतर मी डोळ्यांनी मोजलं. ते चोवीसच्या आसपास होतं. अजून हाडं मोडली नव्हती.

एअर राहिली नव्हती, हे मला माहीत होतं. भुजंगच्या हातून एअर राहत नाही. काय झालं असेल याचा अंदाजही मला गुरुवारपासून होता, आणि चार दिवस मी तो स्वतःशीच ठेवला होता.

आमच्या स्टँडवर एक रीत आहे. दुरुस्त होऊन आलेली जीप पहिल्या फेरीआधी दैवाच्या, म्हणजे घाट राखणाऱ्या देवाच्या, दगडापुढे उभी करतात. दगडाच्या कट्ट्यावर पत्र्याचा पाच लिटरचा डबा असतो. जीपच्या टाकीतलं नवं ब्रेक ऑइल पिचकारीनं ओढून त्या डब्यात सोडतात आणि डब्यातलं जीपच्या टाकीत. मग एकजण पेडल दाबतो, दुसरा पुढच्या उजव्या चाकाचा निपल, म्हणजे ऑइल सोडायचा बारका स्क्रू, उघडतो, आणि डब्यातलं ऑइल त्या चाकापर्यंत पोचेतो हे चालतं. निपलमधून येतं तेही डब्यातच. याला वाटा घालणं म्हणतात. चौदाही जीपांच्या ब्रेकात एकमेकांचं थोडं थोडं ऑइल असलं की घाटात कुणी एकटा नसतो, असं जुने ड्रायव्हर सांगतात. ज्यानं वाटा घातला नाही त्याची जीप अडली तर तिला दोर लावायला कुणी थांबत नाही.

डब्याचं झाकण मी इथे नोकरीला लागले त्याआधीच हरवलं होतं. तोंडात चिंधी कोंबलेली असते. आमच्याकडे पाच महिने पाऊस असतो. मिठाच्या बरणीत पाणी होतं, चपलांवर बुरशी येते. ब्रेक ऑइलला हवेतलं पाणी ओढून घ्यायची सवय आहे. सीलबंद डब्यात ते चांगलं राहतं, उघड्यावर ते पीत राहतं. घाट उतरताना ड्रम तापतात, ऑइल तापतं. ऑइलमध्ये पाणी असेल तर ते उकळतं आणि नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते. पाय खाली जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही.

दोन वर्षांपूर्वी भुजंगनं हे स्टँडवर सांगून पाहिलं होतं. "दैवाच्या डब्याला आता मिस्त्री अक्कल शिकवणार का?" म्हणत रुद्रेगौडानं सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली होती. त्यानंतर भुजंग तिथे काही बोलला नाही. वाटा घालून झालेल्या जीपवाल्याला तो एवढंच हळूच सांगायचा, "एक-दोन दिवसांत चक्कर मार, चाक बघू." आणि पुढचं चाक खोलून, खराब ऑइल काढून, नवं भरून द्यायचा. फुकट. कुणी विचारलं तर लायनर बसतायत का बघितलं म्हणायचा. असं करत त्यानं दोन पावसाळे काढले. चेतनलाही त्यानं सांगितलं होतं. "शुक्रवारी येतो, अण्णा," चेतन म्हणाला होता.

आणि मी? मी रोज त्या डब्यासमोरून कॉलेजला जात होते. पिशवीत थर्मामीटर असायचा.

"त्यानं एअर ठेवली नव्हती हे मी दाखवू शकते," मी म्हणाले. "दहा मिनिटं द्या."

भुजंगनं मान वर केली. "अक्का, नको," तो म्हणाला. बोलताना तोंडातून रक्ताची तार लोंबली. "नको दाखवू."

वेदनेनं त्याचं डोकं चालत नाही, असं मला वाटलं. खरं तर त्या खोलीत त्याचंच डोकं चालत होतं.

"दाखवू दे की," सुंदर म्हणाला. "टीचर आहेत. फळा आणू का?"

रुद्रेगौडानं दांड्यावरची मूठ काढली नाही. पण मान हलवली.

मी दहा नंबरचा पाना घेतला आणि चहाचे दोन स्टीलचे पेले. दारातल्या जीपचं मागचं उजवं चाक धड होतं. त्याच्यामागे आडवी होऊन मी निपल सैल केला आणि पेला खाली धरला. जरा वेळानं थेंब पडू लागले. दोन चमचे जमले तशी मी उठले आणि पेला उजेडात तिरपा केला. फिक्या मधासारखा रंग, तळ स्वच्छ दिसत होता.

"हे मागच्या चाकातलं. शनिवारी भुजंगनं भरलेलं."

मग पुढच्या उजव्या चाकाकडे गेले. साडीला चिखल आणि दुसरंही काही लागलं. निपल उघडला. आलं ते काळपट तपकिरी होतं, गुळाच्या चहासारखं, आणि त्यात बारीक कण होते.

मी दोन्ही पेले रुद्रेगौडापुढे धरले. "एकच जीप. एकाच दिवशी, एकाच डब्यातून भरलेली. हे बघा आणि हे बघा."

 सगळ्यांनी तो रंग ओळखला होता. वर्षानुवर्षं तो त्यांच्याच हातावरून ओघळत आला होता.

मी तिथेच थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. पण रंग हा पुरावा नव्हे, ही माझी सवय. वर्कशॉपच्या कोपऱ्यात चहाचा स्टोव्ह होता. मी तवा ठेवला, तव्यावर दोन्ही पेले शेजारी शेजारी ठेवले. आच दोन्हींना सारखी. भुजंगचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. चार मिनिटांनी तपकिरी पेल्याच्या तळाशी बुडबुडे धरले, सुटले, आणि मग चहाला येते तशी खळखळून उकळी आली. शेजारचा पेला नुसता तापत होता. त्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. पुढे मी कॉलेजात मोजलं: एक एकशेअडतीस अंशांना उकळलं, दुसरं दोनशेदहाच्या पुढे. त्या वेळी आकड्यांची गरज नव्हती.

"हेच चाकात झालं," मी म्हणाले. "वाफ. पेडल दाबलं की वाफ दबायची. चेतननं चार वेळा दाबलं ते यामुळे."

मागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "वाटा कुणी घातला होता त्याचा?"

सगळ्यांना ठाऊक होतं. मुलाची जीप म्हणून निपलही रुद्रेगौडानंच उघडला होता. तपकिरी धार आली तेव्हा "पोचलं रे, पोचलं!" असं ओरडून त्यानं पोराच्या पाठीवर थाप मारली होती. दुपारी स्टँडवर जिलबी वाटली होती.

रुद्रेगौडा उकळत्या पेल्याकडे बघत होता. त्याचा चेहरा मोकळा होत गेला, झोपेतून उठलेल्या माणसाचा असतो तसा. आता तो दांडा सोडेल असं मला वाटलं. मी एक पाऊल पुढेही टाकलं.

त्यानं दोन्ही हातांनी दांडा धरला आणि फिरवला.

पहिला फेरा. दुसरा. अर्धा. साडेबारा मिलिमीटर. ओला बांबू एकापाठोपाठ एक पेर्‍यांवर फुटावा तसा आवाज झाला. मी पाच वेळा मोजला. भुजंग ओरडला नाही. त्याचं तोंड उघडलं, डोळा पांढरा झाला आणि तो मनगटावर लोंबकळला. जबड्याच्या दोन्ही बाजूंनी रक्त टेबलावर आलं आणि वायसरांच्या डबीत शिरलं. रुद्रेगौडा अजूनही दांडा ओढत होता. तो आता फिरत नव्हता, तरी त्यावर पूर्ण अंग टाकून ओढत होता, आणि त्याच्या तोंडातून "उंऽ उंऽ" असा, गाडी ढकलताना निघतो तसा, आवाज येत होता.

सुंदरनं पहारीनं त्याला पहिला फटका मारला, खांद्यावर. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज आला. रुद्रेगौडा पडला आणि मग सगळेच त्याच्यावर तुटून पडले. ज्या पान्यांनी माझ्या भावाला मारलं होतं त्याच पान्यांनी. "पोराला खाल्लंस! आम्हाला पण खाल्लं असतंस!" सुंदर रडत होता आणि मारत होता. एकानं फरफटत त्याला मोडक्या जीपपाशी नेलं आणि त्याचं तोंड पुढच्या चाकावर आपटलं. दोनदा, तीनदा. "वाटा घे! घे वाटा!" रुद्रेगौडानं हात वर केले नाहीत.

मी दांडा उलटा फिरवत होते. रक्तानं तो निसटत होता. अडीच फेरे, मग आणखी एक. हात जबड्यातून सुटला तेव्हा तो हातासारखा दिसत नव्हता. मी पदर फाडून मनगटाच्या वर आवळून बांधला आणि भुजंगला मांडीवर घेतलं. पाच पावलांवर माणूस मारला जात होता. मी त्यांना थांबा म्हणाले नाही. हेही लिहून ठेवलं पाहिजे.

ते दमले म्हणून थांबले.

खालून एकच ॲम्ब्युलन्स आली, पोलिसांच्या मागोमाग. दोघांना तिच्यातच शेजारी शेजारी निजवलं. चौदा वळणं उतरताना ड्रायव्हरनं ब्रेक मारला की दोघं एकाच वेळी कण्हायचे.

जबाब घ्यायला आलेल्या फौजदाराला भुजंगनं सांगितलं, "जॅक सटकला. हात खाली सापडला."

"आणि गौडाचं?"

"तो सोडवायला आला. त्याच्यावर पण सटकला."

"एकाच जॅकनं दोघांचं हे केलं?" फौजदारानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय म्हणता, मॅडम?"

भुजंगनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मी काही म्हणाले नाही. पलीकडच्या खोलीत रुद्रेगौडानं काय सांगितलं ते नंतर कळलं. तोही जॅकच म्हणाला होता.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. मधलं राहिलं, पण वळत नाही. अंगठा आणि पहिलं बोट चहाचा पेला धरण्यापुरतं.

सात आठवडे स्टँडवर तेरा जीपा उभ्या होत्या. आता त्या ऑइलवर घाट उतरायला कुणाची छाती नव्हती. खाली शहरात नेऊन बदलून आणावं तर खाली न्यायलाही तोच घाट. तिकडून कुणी मिस्त्री वर यायला तयार नव्हता. इथे मिस्त्रीचं काय करतात ते सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. कॉफीची तोडणी सुरू झाली. बायका डोक्यावर पोती घेऊन अकरा किलोमीटर चालत उतरू लागल्या.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी रुद्रेगौडा वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला. डावा खांदा खाली आला होता, नाक एका बाजूला बसलं होतं. मी भुजंगच्या हाताची पट्टी बदलत होते.

"तुला एक हात कमी आहे," तो म्हणाला. "हा घे."

 भुजंगनं डाव्या हातानं दहा नंबरचा पाना उचलून त्याच्या पायाशी फेकला.

काम असं चाले. जीप ढकलत आणायची, जॅकवर घ्यायची, चाकं काढायची. भुजंग सीटवर बसून पेडल दाबायचा आणि रुद्रेगौडा खाली झोपून निपल उघडायचा. "दाब." "दाबलं." मग खाली धार. "बंद. सोड." कॉलेज सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी मी टाकीत नवं ऑइल ओतायला असायचे, कारण टाकी रिकामी पडली की परत एअर जाते. याखेरीज दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. सुंदर कधीतरी दारातून डोकावायचा, "काय गौड्रे, मिस्त्रीचा शागीर्द झालात? पगार काय ठरला?" म्हणायचा. कुणी हसत नसे. तोही नाही.

पहिल्याच दिवशी भुजंगनं एक नियम घालून दिला होता. जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. आधी ॲक्सलखाली फणसाच्या लाकडाचा ठोकळा सरकवायचा, मग माणूस.

सहा जीपा झाल्या. रविवारी सातवी घेतली. ती रुद्रेगौडाची स्वतःची होती. मागचं चाक काढलेलं, तो ॲक्सलखाली सरकला, पाठीवर. मी टाकीपाशी होते. भुजंग बसायला निघाला आणि थबकला.

"ठोकळा?" तो म्हणाला.

"राहू दे."

"गौड्रे, ठोकळा घाला."

"राहू दे म्हटलं ना." खालून आवाज शांत आला. "तू तुझं काम कर, भुजंगा. मी इथं आहे."

मला समजायला वेळ लागला. भुजंगला लागला नाही. तो बोनेटला टेकून उभा राहिला. समोर पहिल्या वळणाचा कठडा उन्हात दिसत होता. मग तो वाकला. जॅकचा दांडा डाव्या हातात घेतला आणि त्याची खाच तळाशी असलेल्या स्क्रूवर बसवली. हा स्क्रू सैल केला की आतलं ऑइल मागे वाहतं आणि जीप खाली येते.

"डोळे उघडे ठेव," तो म्हणाला. गौडाला त्यानं अरे-तुरे केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"उघडे आहेत."

भुजंगनं स्क्रू फिरवला.

जॅक सुस्कारला. ॲक्सल खाली येऊ लागला, हळू, घड्याळाच्या काट्यासारखा दिसेल न दिसेल असा. चाक नसलं की ॲक्सल जमिनीपासून पंधरा सेंटीमीटरपर्यंत उतरू शकतो. माणसाची छाती बावीस असते. ॲक्सल चाळीसवर होता. अडतीस. रुद्रेगौडानं दोन्ही हात अंगालगत सरळ केले, तिरडीवर असतात तसे. छत्तीस. तेहतीस.

"अक्का," भुजंग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू मोजतेयस ना?"

मी मोजत होते.

त्या प्रश्नानं माझे पाय सुटले. ऑइलचा डबा टाकून मी गुडघ्यांवर पडले आणि दोन्ही हातांनी ठोकळा ढकलला. तो जड होता, वाळूत रुतत होता. भुजंगनं स्क्रू आणखी उघडला की तो आपोआप सैल झाला, मला माहीत नाही. ॲक्सल एकदम आला. ठोकळा बसला, पण माझं उजव्या हाताचं मधलं बोट त्याच्यावरच राहिलं.

मी ओरडले. आईच्या मृत्यूनंतर मी ओरडल्याचं मला आठवत नाही.

"अक्का!" भुजंगनं स्क्रू आवळला आणि एका हातानं वेड्यासारखा जॅक मारू लागला. दांडा निसटत होता. त्यानं तुटक्या हाताचीही पट्टी त्यावर दाबली. खालून रुद्रेगौडानं धड असलेला खांदा ॲक्सलला लावून वर रेटला. मोडून जुळलेलं हाड परत कुठेतरी कटकन वाजलं. दोन बोटं अंतर झालं तसा माझा हात बाहेर आला. पेराचा चेंदामेंदा झाला होता. नख लाकडावरच चिकटून राहिलं.

 भुजंगच्या पट्टीतून लाल डाग पसरत होता. ठोकळा आणि रुद्रेगौडाची छाती यांच्यात तीन सेंटीमीटर फरक होता; ठोकळा पंचवीसचा आहे.

"मधे कशाला आलात, टीचर?" रुद्रेगौडा खालून म्हणाला. आवाज फुटला होता. "झालं असतं की आता. कशाला आलात?"

"अजून सात जीपा राहिल्यात," मी म्हणाले. 

भुजंगनं माझं बोट स्वतःच्या डोक्याच्या रुमालात गुंडाळलं. गाठ त्याला एका हातानं मारता येईना, म्हणून एक टोक दातात धरलं. पुढचे दात नाहीत, तेव्हा दाढेत. मग ठोकळ्याला लाथ मारून पाहिली. हलला नाही. पुन्हा मारली. तो जाऊन सीटवर बसला.



"दाब," खालून आवाज आला.

"दाबलं."

डाव्या हातानं मी टाकीत ऑइल ओतत राहिले. खाली पत्र्याच्या डब्यात धार पडल्याचं ऐकू आलं.

"बंद. सोड."

"रंग काय?" भुजंगनं विचारलं.

"तपकिरीच."

"मग परत."